सिनॉडला निघण्यापूर्वी: निवडून आलेल्या प्रतिनिधीसाठी

डायोसिझन कौन्सिलमध्ये निकाल जाहीर होतो, टाळ्या वाजतात, पुढच्या रविवारी पाळकसाहेब उपासनेत नाव घेऊन प्रार्थना करतात. मंडळीतली एखादी परिचारिका, एखादे शिक्षक किंवा बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ असे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (सीएनआय) सिनॉडचे प्रतिनिधी होतात. दोन दिवस अभिनंदनाचे फोन येतात. मग चर्चा सुरू होते ती रेल्वेच्या आरक्षणाची आणि उतरण्याच्या व्यवस्थेची. सभागृहात बसून नेमकं करायचं काय, हे सांगणारं माणूस मात्र क्वचितच भेटतं. म्हणून पहिल्यांदा जाणारे बरेच प्रतिनिधी तिथे शांत बसून राहतात, शेजारचा हात वर गेला की आपलाही वर करतात आणि ग्रुप फोटो घेऊन परत येतात. त्यांच्या श्रद्धेत काही कमी नसतं. तयारी कमी पडलेली असते, आणि तयारी शिकता येते.

सिनॉड ही सीएनआयची सर्वोच्च निर्णयसभा. तिची नियमित बैठक तीन वर्षांनी भरते. प्रत्येक धर्मप्रांताचे बिशप, निवडून दिलेले पाळक आणि निवडून दिलेले सामान्य सभासद तिथे एकत्र बसतात. मॉडरेटर आणि उपमॉडरेटर निवडणं, तीन वर्षांच्या कामाचा आढावा घेणं, हिशेब पाहणं, संविधानात दुरुस्ती करणं, ही सारी कामं तिथे होतात. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर आणि मराठवाडा या धर्मप्रांतांचे लोक जातात. गावातल्या मंडळीची पास्टरेट कमिटी, तिच्यावर डायोसिझन कौन्सिल आणि सर्वांत वर सिनॉड, अशी ही साखळी आहे. प्रतिनिधी हा या साखळीतला जिवंत दुवा असतो. तो गप्प बसला तर गावचं म्हणणं सिनॉडपर्यंत पोहोचतच नाही.

निघण्यापूर्वी आपल्या चर्चच्या जन्माची गोष्ट नीट माहीत करून घ्यावी. ती महाराष्ट्रातच घडली आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्च एक झाले: युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, अँग्लिकन परंपरेचा चर्च ऑफ इंडिया, उत्तर भारतातील बाप्टिस्ट मंडळ्यांचं कौन्सिल, चर्च ऑफ द ब्रेदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलेशियन कॉन्फरन्सचे मेथडिस्ट. वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या, म्हणजे तब्बल एक्केचाळीस वर्षं. अमेरिकन परंपरेचा मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया बोलणीत होता, पण १९७० सालीच, अगदी शेवटच्या टप्प्यावर, त्याच्या प्रतिनिधींनी सामील न होण्याचा निर्णय घेतला. आज आपल्या शहरांत सीएनआयचं आणि मेथडिस्टांचं चर्च वेगवेगळं दिसतं, त्यामागे एका सभागृहातलं मतदान आहे. प्रतिनिधीच्या मताचं वजन ओळखायला यापेक्षा जवळचं उदाहरण शोधायला नको.

या इतिहासाचा सभागृहात रोजचा उपयोग होतो. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर परिसरातल्या जुन्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या, काँग्रिगेशनल वळणाच्या. तिथे मंडळीची सभा हीच मोठी, हा संस्कार खोल आहे. कोल्हापूर-मिरजेकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने वडिलांच्या सभांची शिस्त रुजवली. नागपुरात स्टीफन हिस्लॉप आणि जालन्याला नारायण शेषाद्री यांनी स्कॉटिश परंपरेत काम केलं. नाशिकच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे अँग्लिकन काम होतं, आणि तिथे बिशपांचा शब्द मानण्याची सवय. या सगळ्या सवयी आज एकाच सिनॉडमध्ये बसतात. एखादे प्रतिनिधी बिशपांना थेट प्रश्न विचारतात तेव्हा दुसऱ्याला तो उद्धटपणा वाटतो. कोणी गप्प राहतात तेव्हा तिसऱ्याला तो भित्रेपणा वाटतो. समोरचा माणूस कोणत्या घरात वाढला हे कळलं की रागाचं अर्धं कारण निघून जातं.

आता कागद. बैठकीआधी विषयपत्रिका, मागच्या सभेचं इतिवृत्त, विभागांचे अहवाल, लेखापरीक्षित हिशेब आणि दुरुस्त्यांचे प्रस्ताव असा गठ्ठा येतो. बराचसा इंग्रजीत असतो, आणि इथेच मराठी शाळेत शिकलेले कित्येक प्रतिनिधी हात टेकतात. टेकू नयेत. मंडळीत कॉलेजात शिकणारी मुलं असतात, वकील असतात, बँकेतले लोक असतात. दोन संध्याकाळी त्यांना घेऊन बसावं. सगळं वाचून होत नसेल तर तीन गोष्टी वाचाव्यात: मागच्या सभेत ठरलेलं काय झालं आणि काय राहिलं, हिशेब, आणि संविधानदुरुस्ती. बाकीचे अहवाल प्रवासात चाळता येतात. सोबत सीएनआयच्या संविधानाची स्वतःची प्रत असावी आणि सभा चालवण्याच्या नियमांची पानं त्यात खूण घालून ठेवावीत. व्यासपीठावरून “नियमाप्रमाणे” असं म्हटलं जातं, तेव्हा तो नियम ज्याच्या मांडीवर उघडा असतो त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं.

हिशेब वाचताना घाबरण्यासारखं काही नाही. मागच्या वर्षाचा आणि या वर्षाचा आकडा शेजारी शेजारी असतो. जिथे मोठा फरक दिसतो तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि कारण विचारावं. विशिष्ट कामासाठी आलेला पैसा त्याच कामावर गेला का, हे पाहावं. लेखापरीक्षकाने शेरे मारले असतील तर ते आधी वाचावेत, ते बहुधा शेवटच्या पानांवर असतात. परदेशी देणग्यांचा प्रश्न तर आता प्रत्येक प्रतिनिधीने समजून घ्यायलाच हवा. २०२० मध्ये एफसीआरए कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून परदेशी पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच स्वीकारावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेला वळता करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने काही संस्थांची एफसीआरए नोंदणी रद्द केली. त्यांत सीएनआयचं सिनॉडिकल बोर्ड ऑफ सोशल सर्व्हिस आणि ‘कासा’ ही चर्चांची मदतसंस्था होती. गावातलं वसतिगृह, दवाखाना, पाण्याची योजना कोणत्या पैशावर चालते आणि तो थांबला तर पर्याय काय, हे विचारण्याची जागा सिनॉडच आहे. “आमच्या धर्मप्रांतातल्या अमुक वसतिगृहाचं पुढच्या दोन वर्षांचं काय?” असा नेमका प्रश्न असला की उत्तरही नेमकं द्यावं लागतं.

मंडळीचं म्हणणं घेऊन जायचं की स्वतःच्या विवेकाने मत द्यायचं? हा प्रश्न प्रत्येक प्रामाणिक प्रतिनिधीला पडतो. प्रेसबिटेरियन परंपरेचं उत्तर स्पष्ट आहे. निवडून आलेला माणूस लोकांच्या इच्छेचा नुसता निरोप्या नसतो. सर्वांनी मिळून ख्रिस्ताची इच्छा शोधायची, यासाठी तो तिथे बसतो. म्हणून अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन चर्चच्या जनरल असेंब्लीला जाणाऱ्यांना कमिशनर म्हणतात, आणि कसं मत द्यायचं हे त्यांना आधीच बांधून दिलेलं नसतं. हे उत्तर आपल्याकडेही लागू पडावं. मात्र विवेकाचा आधार घेणाऱ्याने आधी ऐकलेलं असावं लागतं. निघण्यापूर्वी पास्टरेट कमिटीत, महिला मंडळात, तरुण संघात बसून तीन-चार महत्त्वाचे विषय समजावून सांगावेत आणि लोक काय म्हणतात ते लिहून घ्यावं. सभागृहात नवी माहिती पुढे आली आणि मत बदललं, तर परत येऊन कारण सांगण्याची तयारी ठेवावी. “तुम्ही जे म्हणाल तेच मी करीन” असं वचन कोणालाही देऊ नये. बिशपसाहेबांनाही नाही. बिशपांचा मान ठेवणं आणि त्यांच्याकडे पाहून हात वर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चांगल्या बिशपांना हा फरक कळतो.

सभागृहातलं काम शब्दांवर चालतं. इथे थोडं थांबून पाहायला हवं, कारण बहुतेक जण इथेच अडतात. समजा ठराव असा आहे: “धर्मप्रांतांनी शक्य झाल्यास ग्रामीण पाळकांच्या आरोग्यविम्याची व्यवस्था करावी.” ऐकायला चांगला आहे, पण ‘शक्य झाल्यास’ या दोन शब्दांनी त्याचा जीव काढून घेतला आहे. यावर दहा मिनिटांचं भावपूर्ण भाषण केलं तर टाळ्या मिळतील आणि ठराव जसाच्या तसा मंजूर होईल. त्याऐवजी एका कोऱ्या कागदावर लिहावं: “ठरावातील ‘शक्य झाल्यास’ हे शब्द वगळावेत आणि त्या जागी ‘येत्या ३१ मार्चपूर्वी’ हे शब्द घालावेत.” खाली सूचक म्हणून स्वतःचं नाव, धर्मप्रांत आणि सही. शेजारच्या धर्मप्रांतातला अनुमोदक आधीच ठरवलेला असावा. कागदाच्या दोन प्रती कराव्यात, एक अध्यक्षांकडे आणि एक स्वतःजवळ. बोलायला उभं राहिल्यावर पहिल्याच वाक्यात दुरुस्ती वाचावी, मग दोन मिनिटांत कारण सांगावं आणि बसावं. दुरुस्तीवर मत आधी घेतलं जातं, मूळ ठरावावर नंतर. हा क्रम डोक्यात पक्का नसेल तर माणूस नको तिथे हात वर करतो.

एका माणसाच्या सूचनेने काय होतं हे पाहायचं असेल तर अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनची जून २०२१ ची नॅशव्हिल इथली सभा पाहावी. तिथे मंडळ्यांनी पाठवलेल्या प्रतिनिधींना मेसेंजर म्हणतात. त्या वर्षी ते १५ हजारांहून जास्त होते. २०१९ मध्ये टेक्ससमधल्या दोन वृत्तपत्रांनी चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांवर सुमारे ७०० पीडितांची नोंद घेणारी मालिका छापली होती, आणि तक्रारी हाताळण्यात संस्थेच्या कार्यकारी समितीने काय केलं याची चौकशी हवी होती. समितीने चौकशीसाठी स्वतःच बाहेरची कंपनी नेमली होती. मग एका पाळकाने सभागृहातून प्रस्ताव मांडला: चौकशीवर देखरेख समितीची नको, वेगळ्या कार्यगटाची हवी. हा प्रस्ताव त्याच समितीकडे विचारासाठी पाठवला जात होता. मेसेंजरांनी त्याला हरकत घेतली, तो सभागृहातच मताला आणायला लावला आणि मंजूर केला. मे २०२२ मध्ये जवळपास ३०० पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पीडितांच्या तक्रारी वर्षानुवर्षं कशा दडपल्या गेल्या ते त्यात नावानिशी आलं. पाठीमागे हजारो लोकांचं दुःख होतं, पण ते दुःख निर्णयापर्यंत पोहोचलं कारण कोणाला तरी सभेचे नियम ठाऊक होते. “हा विषय समितीकडे पाठवू” हे वाक्य कानावर पडलं की आपल्या प्रतिनिधींनीही दोन प्रश्न विचारावेत: कोणत्या समितीकडे, आणि अहवाल कोणत्या तारखेपर्यंत?

मतं कशी मोजणार हेही आधी विचारून घ्यावं. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या जनरल कन्व्हेन्शनमध्ये प्रत्येक धर्मप्रांताचे चार पाळक आणि चार सामान्य सभासद असतात. महत्त्वाच्या प्रश्नावर चौघा पाळकांचं मिळून एक मत आणि चौघा सभासदांचं मिळून एक मत मोजलं जातं. चौघांत दोन विरुद्ध दोन अशी फूट पडली की ते मत बाजूने धरलं जात नाही. १९७३ मध्ये लुईव्हिलला स्त्रियांच्या पाळकीय दीक्षेचा ठराव अशा फुटलेल्या मतांमुळे पडला. समर्थकांनी पुढची तीन वर्षं धर्मप्रांताधर्मप्रांतांत फिरून काम केलं आणि १९७६ मध्ये मिनियापोलिसला तो मंजूर झाला. त्याच सभागृहात स्त्रियांना प्रतिनिधी म्हणून बसायलाच १९७० साल उजाडलं होतं. अपवाद म्हणून १९४६ मध्ये मिझुरीच्या एलिझाबेथ डायर यांना जागा मिळाली, पण १९४९ मध्ये निवडून आलेल्या चार स्त्रियांना दार बंद झालं. आपल्या महिला मंडळातून निवडून जाणाऱ्या बहिणींनी ही हकिकत लक्षात ठेवावी. माईक जवळ ओढायला संकोचू नये.

मतदान झालं म्हणजे काम संपलं, असंही नसतं. संविधानदुरुस्तीला बऱ्याचदा धर्मप्रांतांची संमती लागते. चर्च ऑफ साउथ इंडियात बिशपांचं निवृत्तीचं वय ६७ वरून ७० करण्याच्या दुरुस्तीवरून वाद झाला आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. पुरेशा धर्मप्रांतांनी रीतसर संमती दिली होती का, हाच त्यातला एक कळीचा मुद्दा होता. त्याहून आपल्या जवळचा धडा ब्रेदरन चर्चच्या खटल्याचा आहे. १९७० मध्ये गुजरातच्या फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रेदरनने सीएनआयमध्ये सामील होण्याचा ठराव केला. तो चर्च मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला होता. पुढे मालमत्तेवरून वाद पेटला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या ठरावाने कायदेशीर विलीनीकरण झालेलं नाही, मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. चाळीसहून जास्त वर्षं आणि कित्येक मंडळ्यांची शांती त्या भांडणात गेली.

महाराष्ट्रातल्या जुन्या मिशन कंपाउंडांच्या जमिनी आज शहरांच्या मधोमध आल्या आहेत, तेव्हा ही गोष्ट प्रतिनिधीने मनावर घ्यावी. राज्याच्या विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे संस्थेची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक काळ किंवा बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायची असेल तरीही लागते. सभेत मालमत्तेचा विषय निघाला की विचारावं: मिळकत कोणत्या ट्रस्टच्या नावावर आहे? विश्वस्तांचा ठराव झाला आहे का? आयुक्तांकडे अर्ज गेला आहे का? उत्तर मिळालं की ते इतिवृत्तात नोंदवायला सांगावं. हे प्रश्न विचारल्याने कोणी रागावलं तर रागावू द्यावं. त्या जमिनी आजोबा-पणजोबांच्या पिढीने मंडळीसाठी राखल्या आहेत.

निवडणुकीचे दिवस वेगळेच असतात. चहाच्या रांगेत, जेवणाच्या टेबलावर, रात्री खोलीचं दार वाजवून उमेदवारांची माणसं येतात. बोलण्यात गैर काही नाही. धर्मप्रांतांनी एकमेकांना ओळखावं, उमेदवारांनी काय केलं ते विचारावं, हे चांगलंच. पण पैसे, भेटवस्तू, समितीवर नेमणुकीचं आश्वासन किंवा “तुमच्या पाळकांची बदली पाहू” अशी भाषा आली की तिथेच नम्रपणे उठावं, आणि झालेलं बोलणं त्याच रात्री तारीख-वेळ घालून लिहून ठेवावं. मतपत्रिका गुप्त असते. ती कोणाला दाखवू नये, तिचा मोबाइलवर फोटो काढू नये.

बोलण्याच्या भाषेचं ओझं बाळगू नये. इंग्रजी जमत नसेल तर हिंदीत बोलावं. मुंबई-नागपूरच्या माणसाला हिंदी परकी नाही, आणि ओडिशा, झारखंड, गुजरातच्या प्रतिनिधींनाही इंग्रजीपेक्षा तीच बहुधा सोपी जाते. लिहून आणलेले चार मुद्दे समोर असले की आवाज कापत नाही. औषधं दोन दिवस जास्तीची घ्यावीत, प्रवासाच्या पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात. सकाळची भक्ती आणि बायबल अभ्यास चुकवू नये. आदल्या दुपारी ज्याच्याशी ठरावावरून तणातणी झाली, त्याच्याच शेजारी प्रभुभोजनाला गुडघे टेकावे लागतात. सभेची अर्धी कटुता तिथे उतरते, आणि दुपारचं कामकाज त्यामुळे सुरळीत होतं.

परतल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत मंडळीपुढे अहवाल ठेवावा. उशीर झाला की लोकांची उत्सुकता ओसरते आणि व्हॉट्सॲपवरच्या अफवा जागा घेतात. अहवालात सत्काराचं आणि जेवणाचं वर्णन कमी असावं. कोणते ठराव झाले, त्यांतले कोणते आपल्या पास्टरेटला लागू आहेत, आपण कोणते प्रश्न विचारले, काय उत्तरं मिळाली, कोणती कामं राहिली आणि त्यांची जबाबदारी कोणावर आहे, एवढं दोन पानांत यावं. उघड मतदानात आपण कसं मत दिलं ते विचारलं तर सांगावं. गुप्त मतदानाचं सांगू नये. मंडळीने जे सांगून पाठवलं होतं आणि जे मांडायला वेळच मिळाला नाही, तेही लिहावं, म्हणजे ते लेखी निवेदन म्हणून सिनॉडच्या कार्यकारी समितीकडे धाडता येतं.

मग इतिवृत्ताची वाट पाहायची. ते आलं की स्वतःच्या टिपणांशी ताडून पाहावं. दुरुस्ती बरोबर शब्दांत नोंदली आहे का, सूचक-अनुमोदकांची नावं आहेत का, दिलेलं आश्वासन आलं आहे का. चूक दिसली तर जनरल सेक्रेटरींना पत्र लिहावं आणि प्रत आपल्या बिशपांना द्यावी. ही सगळी कागदपत्रं, दुरुस्तीच्या त्या प्रतीसकट, एका फाइलमध्ये लावून पास्टरेटच्या सेक्रेटरींकडे सोपवावीत आणि पोच घ्यावी. तीन वर्षांनी दुसरं कोणी निवडून येईल, तेव्हा मागच्या सभेत काय ठरलं होतं हे विचारायला त्यांना दहा घरं फिरावी लागू नयेत.